प्रतीक्षा यादीतला तेविसावा नंबर

प्रश्न: मी बार्शीची. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीबीला (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ८१ पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी. बी.फार्मच्या पहिल्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत नववा पसंतीक्रम लागला, घरापासून चाळीसेक किलोमीटरवरचं नवंच कॉलेज. बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती जागा राखून पुढच्या फेरीत वरचं मागितलं. दुसऱ्या फेरीत काहीच हललं नाही. पुण्याच्या एका कॉलेजने इन्स्टिट्यूट लेव्हलसाठी (कॉलेजने स्वतः भरायच्या जागा) नाव लिहून घेतलंय, वेटिंग २३. ओळखीचे एक काका म्हणतात, पैसे भरले तर आत्ता जागा होईल. पप्पा म्हणतात आहे ते पक्कं कर. मामा म्हणतो एक वर्ष ड्रॉप घे, मेडिकलची नीट परीक्षा परत दे. मी दिवसभर साइट उघडून बसते. काय करू?

उत्तर:

तेवीसपासूनच सुरू करू, कारण तुझी झोप त्या आकड्यानेच उडवलेली दिसते. हा तेवीस कशातला, हे त्यांना विचारलंस का? कॅपच्या फेऱ्या अजून चालू आहेत. इन्स्टिट्यूट लेव्हलची खरी यादी कॉलेजने जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनुसार लावायची असते आणि सगळ्यांना दिसेल अशी प्रसिद्ध करायची असते. त्याआधी ऑफिसातल्या क्लार्कने तुझं नाव, मोबाइल आणि पर्सेंटाइल एका वहीत उतरवून घेतलं. त्या वहीत नाव घालणारी तू तेविसावी, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्या आधीच्या बावीस जणांत कोणी चाळीस पर्सेंटाइलचा असेल, कोणी नव्वदचा. खरी यादी लागेल तेव्हा तू सहावी असशील, नाहीतर साठावी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं आहे हे. रुमाल टाकावा, जरूर टाकावा. पण त्याच्या भरवशावर हातातलं तिकीट फाडू नये.

मी बी.फार्मला सव्वीस वर्षं शिकवलं. त्याआधी चार वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. कॉलेजातल्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत प्रवेशाचे दिवस आले की सुविधा केंद्राच्या टेबलामागे माझी नेमणूक ठरलेली. कागद तपासले, रडणाऱ्या आया पाहिल्या आणि त्याहून रडवेले बाप. तेव्हा खाली लिहिते ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिसलेलं आहे. फेऱ्या किती, कोणत्या फेरीत कितवा पसंतीक्रम लागला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते, हे तपशील वर्षागणिक बदलतात. या वर्षीची माहिती पुस्तिका शेजारी उघडून ठेव आणि मग वाच.

आधी जागा हलतात कशा, ते समजून घे. फार्मसीची यादी फार्मसीवाल्यांमुळे फारशी हलत नाही, ती नीटमुळे हलते. तुझ्या वरच्या पसंतीच्या कॉलेजांत आत्ता जी पीसीबीची मुलं बसली आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी नीटही दिलेली आहे. एमबीबीएस होणार नाही हे त्यांना कळून चुकलंय. पण बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय, काहीतरी लागेल या आशेवर त्यांनी फार्मसीची जागा धरून ठेवलेली असते. तिकडच्या एखाद्या फेरीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसात प्रवेश रद्द करायला रांग. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांनी तारखा लिहायची. निळ्याने आमच्या, तांबड्याने नीटच्या. तांबडी तारीख गेली की दोन-तीन दिवसांत निळ्यात हालचाल व्हायची. आयुषच्या फेऱ्या तर बऱ्याचदा दिवाळी उलटून जाते तरी चालूच असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यातही जागा निघतात. तू दर अर्ध्या तासाने बी.फार्मची साइट उघडतेस, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत तिथे काहीच घडत नसतं. घडतं ते दुसऱ्याच साइटवर. असंच कॅलेंडर तूही कर आणि फक्त तांबड्या तारखांनंतर बघ.

फार्मसीचं सगळंच इंजिनिअरिंगच्या मागून रेंगाळत येतं, त्यालाही कारण आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली हे शिक्षण फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडे. मधली बरीच वर्षं एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची परिषदही मान्यता द्यायची आणि कॉलेजं दोघांच्या दारात उभी असायची. ५ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फार्मसीपुरता कौन्सिलचाच शब्द अखेरचा. आता कौन्सिलची मान्यतापत्रं यायला उशीर झाला की राज्याच्या फेऱ्या अडतात, आणि तोवर निम्मी पोरं कंटाळून बीएस्सीला नाव घालून मोकळी होतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नव्या कॉलेजांवर कौन्सिलने २०१९ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली होती. अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही, असं म्हणून १५ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. त्यानंतर महाराष्ट्रात फार्मसी कॉलेजांचं अमाप पीक आलं. तुला लागलेलं नवं कॉलेज बहुधा त्याच पिकातलं. त्यामुळे आज स्थिती अशी आहे की बी.फार्मच्या हजारो जागा शेवटी रिकाम्याच राहतात. तुला बी.फार्म मिळणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, ते मिळालंय. कुठे करायचं, एवढाच प्रश्न आहे. घरात बोलताना हे पहिलं वाक्य म्हणून सांग. पप्पांचा निम्मा ताण तिथेच उतरेल.

आता तुझ्या पसंतीक्रमाकडे येते. नावं तू लिहिली नाहीस, पण नववा क्रम लागला म्हणजे वरची आठ बहुतेक पुण्याची असणार. ती कशावरून ठरवलीस? मुलं मागच्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडतात, कॉलेजचं नाव शोधतात आणि जो पहिला आकडा दिसेल तो धरून चालतात. त्या पीडीएफमध्ये प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर अक्षरं असतात, ती वाचायला शिक. पहिलं अक्षर जी किंवा एल. जी म्हणजे सर्वसाधारण, मुलगे-मुली दोघांसाठी, एल म्हणजे मुलींच्या राखीव ३० टक्क्यांतली जागा. मधे प्रवर्ग. आणि शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे तिच्या बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सगळी गंमत या शेवटच्या अक्षरात आहे. तू बारावी बार्शीतून केलीस, म्हणजे तुझं होम विद्यापीठ सोलापूर. पुण्यातलं कॉलेज पुणे विद्यापीठाच्या हद्दीत. खासगी कॉलेजांच्या कॅपमधल्या साधारण ७० टक्के जागा त्या हद्दीतून बारावी झालेल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. तू ज्या आकड्याशी स्वतःला ताडून बघत होतीस तो एचचा असेल, तर तो तुझ्यासाठी नव्हताच.

ढोबळ हिशेब करून दाखवते. साठ जागांचं कॉलेज धर. २० टक्के, म्हणजे बारा जागा संस्था स्तरावर गेल्या. उरल्या अठ्ठेचाळीस. त्यांच्या ३० टक्के, म्हणजे चौदा जागा पुण्याबाहेरच्या सगळ्या महाराष्ट्राला. त्यात ओबीसीच्या १९ टक्क्यांनी दोन, फार तर तीन. त्यातली मुलीसाठी एक. खुल्या जागांवर गुणवत्तेने तुझाही हक्क आहेच, पण तिथे कट-ऑफ चढा असतो. म्हणजे एका पुणेरी कॉलेजात तुझ्या नावाच्या जवळपास जाणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यासाठी नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुली रांगेत. याउलट सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजांत तू एच आहेस. तिथे पंधरा-वीस वर्षं पाय रोवून असलेली कॉलेजं आहेत. ती तुझ्या यादीत नवव्या क्रमाच्या वर होती का खाली? मला वाटतं, पुण्याच्या नादात तू घरचंच अंगण मोजायचं विसरलीस. कराड, अमरावतीची शासकीय कॉलेजं किंवा माटुंग्याची आयसीटी ८१ ला आवाक्यात नाहीत, पण यादीत वर लिहायला पैसे पडत नाहीत. तेव्हा ती असली तरी बिघडत नाही.

पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक सापळा समजून घे, दर वर्षी पाच-सहा जण यात अडकलेले मी पाहिलेत. बेटरमेंटमध्ये तुझी आत्ताची जागा तुझ्या नावावर राहते, पण पुढच्या फेरीत नवं काही लागलं की जुनी आपोआप रद्द होते. परत मागता येत नाही. त्यामुळे नव्या फॉर्ममध्ये फक्त तीच कॉलेजं लिही, जी आत्ताच्यापेक्षा खरोखर बरी आहेत आणि जिथे तू उद्या बॅग घेऊन जाशील. 'भरायला जागा आहे म्हणून' पंचवीस नावं टाकणारा मुलगा पंचविसाव्या कॉलेजात जाऊन पडतो आणि मग आमच्या टेबलासमोर येऊन म्हणतो, मॅडम, आधीचंच बरं होतं. फॉर्म सबमिट करून कन्फर्म केला का, हेही बघ. नुसता सेव्ह केलेला फॉर्म कोणी वाचत नाही.

पैशाची गोष्ट तुझ्या प्रश्नात नाही, पण माझ्या मते ती सगळ्यांत मोठी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरच्या प्रवेशाला ही माफी लागू नाही. म्हणजे पुण्याच्या त्या कॉलेजात तुझा तेवीस नंबर उद्या लागला, तरी चार वर्षांची फी पूर्ण भरायची, वर हॉस्टेल आणि मेस. समज, फी वर्षाला लाखभर असेल, तर नुसत्या फीचे चार लाख झाले. तेवढा फरक पडावा इतकं ते कॉलेज मोठं आहे का, हे पप्पांबरोबर बसून कागदावर मांड. मला अशा दोन-तीन मुली आठवतात ज्यांना हे प्रवेश झाल्यावर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसल्यावर कळलं.

काकांबद्दल थोडक्यात. कोणत्या कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. त्याच्या वर, पावती न देता जे मागितलं जातं त्याला कॅपिटेशन फी म्हणतात, आणि १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. काका भले असतील. पण ज्या अभ्यासक्रमाच्या जागा शेवटी ओस पडतात, तिथे 'आत्ता भरा नाहीतर जाईल' हे वाक्य ऐकलं की मला बाजारातला संध्याकाळचा भाजीवाला आठवतो.

कागदांचं बोलू. तुझ्याकडे जातीचा दाखला आहे, नॉन-क्रिमी लेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं आहे आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे असं मी धरून चालते. व्हॅलिडिटीची नुसती पावती असेल तर आजच समितीच्या कार्यालयात जा. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर ओबीसीतून मिळालेली जागा हातची जाते आणि तुला खुल्या प्रवर्गात टाकतात. मी तपासलेल्या अर्जांत सर्वांत जास्त अश्रू या एका कागदावर सांडलेले आहेत. दाखल्यावरचं आडनाव आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं आडनाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्ती करून घे.

आणि एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. प्रतीक्षा यादीची सगळी मौज शेवटच्या दिवशी या एका कागदावर येऊन अडते. आमच्याकडचाच एक दिवस सांगते. प्रवेशाचा शेवटचा दिवस, पाच वाजता पोर्टल बंद होणार. साडेतीनला एक जागा रिकामी झाली, मुलीला बीएचएमएस लागलं होतं. यादी काढली, पहिल्याला फोन लावला, बंद. दुसरा म्हणाला, मी बीएस्सीत रमलोय, मॅडम. तिसरा मुलगा नेमका आमच्याच फाटकासमोर वडापाव खात उभा होता, कारण त्याचा बाप शहाणा, शेवटच्या दिवशी पोराला घेऊनच आला होता. दोघं पळत आत आले. डीडी तयार, मार्कलिस्ट तयार, फोटो तयार. आणि एलसी? ती साठ किलोमीटरवरच्या, त्याने आधी प्रवेश घेतलेल्या कॉलेजच्या कपाटात, क्लार्क रजेवर, किल्ली त्याच्या घरी. तिथून फोनवर उत्तर आलं, उद्या या. आता उद्या कुठला? सव्वाचारला मी चौथीला फोन केला. ती गावातलीच, सगळे मूळ कागद एका प्लास्टिकच्या फायलीत घालून बसलेली. स्कूटीवर आली. पाचला आठ मिनिटं कमी असताना तिचं नाव पोर्टलवर चढलं. तो मुलगा तोवर माझ्या टेबलासमोरच उभा होता. त्याच्या हातातला उरलेला वडापावाचा कागद त्याने घडी घालून घालून इवलासा केला होता. प्रवेश रद्द केल्यावर मूळ कागद अडवून ठेवायला कुठल्याच कॉलेजला परवानगी नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नियम सांगून कपाट उघडत नाही.

तू बेटरमेंटमध्ये आहेस, म्हणजे फक्त हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे भरलेत आणि मूळ कागद अजून घरात आहेत. शेवटच्या फेरीनंतर जी जागा असेल तिथे मुदतीत रिपोर्टिंग कर, फी भर, एलसी दे. हे टाळून पुण्याची वाट बघत बसू नकोस, हातातली जागाही जाईल. मात्र त्याच दिवशी तिथल्या ऑफिसात सरळ विचार: प्रवेश रद्द करायचा झाला तर अर्ज कोणाकडे, सही कोणाची, एलसी किती वेळात परत मिळते. लाजू नकोस, त्यांना हा प्रश्न रोज येतो. क्लार्कचा मोबाइल नंबर घेऊन ठेव. रद्द करण्याची अखेरची तारीख पुस्तिकेत दिलेली असते. त्या तारखेच्या आत रद्द केलंस तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली तर अनामत रकमेपलीकडे काही हाती येत नाही.

आता ते चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज. तू ते पाहिलंयस का? तुझ्या प्रश्नात त्याबद्दल 'नवंच' या एका शब्दापलीकडे काही नाही, म्हणून विचारते. कामाच्या दिवशी, साधारण अकराच्या सुमाराला पप्पांबरोबर जाऊन ये. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नकोस. मशीन रूम दाखवा म्हण. टॅब्लेट पंचिंग मशीनच्या डायभोवती, म्हणजे गोळीच्या साच्याभोवती, पावडरचा कण दिसतो का बघ. कंट्रोल पॅनेलवर कंपनीचं मूळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं असेल, तर ते मशीन तपासणीसाठी आणलंय, मुलांसाठी नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेटच्या स्टँडवर जुने डाग असावेत. जिथे काम चालतं तिथे डाग पडतात. औषधी वनस्पतींची बाग ठेवावीच लागते, ती कशी आहे पाहा. पाट्या ताज्या रंगवलेल्या आणि खाली अडुळसा वाळून काडी झालेला, असं असेल तर काय समजायचं ते तू समजशील. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचार: स्वतःच्या हाताने गोळी बनवलीस का, आणि या वर्षी फार्माकॉलॉजी शिकवायला किती जण बदलले? शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलत असतील तर कॉलेज पगार वेळेवर देत नाही. बाकी चकाचक इमारत, गेटवरचं तोरण, नोकरी लागलेल्या मुलांचे फ्लेक्स, याकडे मी तरी बघत नाही. या वर्षीची कौन्सिलची मान्यता आहे का आणि किती जागांना, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघून घे. मी अशी नवी कॉलेजं पाहिली आहेत जिथे दोन-तीन तरुण शिक्षक जीव ओतून शिकवतात, आणि अशी जुनी नावाजलेलीही, जिथे चार वर्षांत एचपीएलसी या औषध तपासायच्या यंत्राला मुलांचा हात लागत नाही.

मामाचं म्हणणं राहिलं. नीटला किती गुण मिळाले हे तू लिहिलं नाहीस, आणि ते न लिहिणं हेही एक उत्तरच आहे. या वर्षीचे गुण बीएएमएसच्या तुझ्या प्रवर्गाच्या कट-ऑफपासून हाताच्या अंतरावर असतील आणि अभ्यास अर्धवट राहण्याचं ठोस कारण असेल, तर ड्रॉपचा विचार कर. 'फार्मसीत चांगलं कॉलेज मिळालं नाही' हे ड्रॉपचं कारण होऊ शकत नाही. अर्थात माझ्या शब्दालाही मर्यादा आहे. एका मुलाला मी ड्रॉप घेऊ नकोस म्हणून चांगलं बजावलं होतं. त्याने घेतला आणि आज तो दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ त्यानेच काढली. भूल देताना आठवण करून दिलीन. कुणी डी.फार्म सुचवेल, तर तेही ऐकून घे. ते दोन वर्षांचं, मग पाचशे तासांचं प्रशिक्षण, प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. घरचं मेडिकल टाकायचं असेल तर तो सरळ रस्ता आहे. पण बी.फार्मची जागा हातात असताना त्या वळणाने जायचं कारण मला दिसत नाही.

थांबण्याच्या या दिवसांत करायचं काय? पुण्याच्या कॉलेजला आठवड्यातून एकदाच फोन कर आणि एकच विचार: संस्था स्तराची जाहिरात कधी येणार, अर्ज ऑनलाइन की प्रत्यक्ष, यादी कुठे लागणार. त्या नोटिशीत दिलेल्या पद्धतीने अर्ज केला नाहीस तर वहीतल्या नावाला काडीची किंमत नाही. फोन कुठला दिला आहेस? तुझा दिला असशील तर पप्पांचाही दे, आणि अनोळखी नंबर उचलायची सवय घरात सगळ्यांना लाव. शेवटच्या दिवशी आम्ही तीन रिंगांच्या वर थांबत नाही.

बाकीचा वेळ गणिताला दे. हसू नकोस. पीसीबीच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स हा विषय असतो, आणि फार्मास्युटिक्सच्या पहिल्याच पेपरात द्रावणांची गणितं येतात. प्रवेश लांबले की सेमिस्टर आखूड होतं, उशिरा आलेल्याला कोणी मागचं शिकवत नाही आणि हजेरी ८० टक्के लागते, थिअरीला वेगळी, प्रॅक्टिकलला वेगळी. उशिरा येणारी मुलं पहिल्या सेमिस्टरला बहुतेक इथेच आपटतात. लॉगरिदम, टक्केवारी, गुणोत्तर एवढं हातात बसव. त्यातलं एक इथेच सांगते. ९५ टक्क्यांचं अल्कोहोल आहे, ५० टक्क्यांचं आहे, आणि तुला हवंय ७० टक्क्यांचं. चौकोन काढ. डाव्या बाजूला वर ९५, खाली ५०, मधोमध ७०. तिरकी वजाबाकी कर: ९५ मधून ७० गेले २५, ते उजवीकडे खाली लिही. ७० मधून ५० गेले २०, ते उजवीकडे वर. वरचा आकडा ९५ वाल्याचे भाग, खालचा ५० वाल्याचे. वीसास पंचवीस, म्हणजे चारास पाच. याला अ‍ॅलिगेशन म्हणतात. पहिल्या वर्षाची निम्मी मुलं वरचं खाली करतात आणि भलतंच द्रावण बनवतात. आता तू मला ४५० मिलिलिटर बनवून दे. ९५ टक्क्यांचं २०० आणि ५० टक्क्यांचं २५० आलं, तर चौकोन बरोबर काढलास.